टाळीताईंचे बोट

काही माणसे गुणी असतात, काही थोर असतात. परंतु फार थोडी माणसे अशी असतात की त्यांचा उल्लेख 'प्रमाण' या एकाच शब्दाने करावा लागतो. हा शब्द आपण अलीकडे फार स्वस्त करून टाकला आहे. कागदावर शिक्का उमटला की ते प्रमाणपत्र, आणि दहा माणसांनी माना डोलावल्या की ते बोलणे प्रमाण! जुन्या शास्त्रकारांनी मात्र या शब्दाला मोठ्या आदराने हात लावला. ज्याच्या योगे वस्तू जशी आहे तशी कळते ते प्रमाण, असे ते म्हणत. मग त्यांच्यातलाच कोणी खोडकर शंका काढी, की तराजू सोने तोलतो हे खरे, पण तराजूला कोण तोलणार? त्यावर शांतपणे उत्तर मिळे, की तराजूही प्रसंगी तोलता येतो. त्याच्या पारड्यात ठाऊक असलेले वजन ठेवा, म्हणजे तो सरळ आहे की झुकला आहे हे कळेल. उत्तर निर्दोष आहे. तरीही मला त्यात एक उणीव भासत आली. तराजूला तोलण्याची बुद्धी माणसाला संशय आल्यावरच होते. ज्याच्यावर कोणाचाच संशय नाही, असा तराजू आपण होऊन उभा राहिला आणि 'मला तोला' म्हणाला, असे कोणी कधी ऐकले आहे काय?

असे म्हणणाऱ्या एका बाई होऊन गेल्या. त्या विदुषी नव्हत्या, आणि त्यांचे कार्यक्षेत्र ऐकून काही वाचक हसतीलही. तळहातावर मावणाऱ्या एका व्हिडिओ गेमचा ताल बरोबर आहे की नाही, एवढेच सांगण्याचे काम त्या करीत. सगळे त्यांना टाळीताई म्हणत.

एका अरुंद रस्त्यावर चष्म्याचे दुकान होते आणि दुकानाच्या डोक्यावर, लाकडी जिना चढून गेल्यावर, दोन खोल्या होत्या. तेथे दोन भाऊ हा खेळ तयार करीत. थोरला गाणी रचायचा, चित्रे काढायचा आणि बाहेरच्या जगाशी बोलायचा. धाकटा कॉम्प्युटरशी बोलायचा आणि बाहेरच्या जगाशी शक्यतो नाही. खेळाचे यंत्र साधे होते. एक लहान पडदा, एक गोल बटण, आणि आत चिमुकल्या खेळांचा एक संच. एका खेळात टपाल कचेरीतला कारकून पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या पाकिटांवर तालात शिक्के मारी. दुसऱ्यात दोन मुली दोरी फिरवीत आणि एक अगडबंब पाणघोडा त्या दोरीवरून लाजत लाजत उडी मारी. तिसऱ्यात एका लठ्ठ गृहस्थांना शिंक येऊ घातलेली असे, आणि ती ज्या मात्रेवर फुटायची नेमक्या त्याच मात्रेवर त्यांच्या पत्नीने रुमाल पुढे करायचा असे. खेळणाऱ्याने गाणे ऐकावे आणि योग्य क्षणी बटण दाबावे, एवढाच काय तो नियम. डोळ्यांवर विसंबणाऱ्याची येथे फजिती होई, कारण चित्रे मुद्दाम खोड्या काढीत. कानावर विसंबणारा तरून जाई.

ताई त्या वेळी खालच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवण्याचे काम करीत. त्यांचे वडील नाटकमंडळीत तालवादक होते. ते सरावाला बसले की लहानग्या ताईंनी शेजारी बसून टाळीने मात्रा धरायच्या, हा त्या घराचा नेम. वडील गेले, घर बदलले, संसार मांडला आणि तो अकाली मोडलाही. पण मात्रा धरण्याची ती सवय शरीरातून गेली नाही. आणि एके दिवशी त्या तणतणत तो लाकडी जिना चढून वर आल्या.

"वर काय चाललंय काय तुमचं?" दारातूनच त्यांनी विचारले.

थोरला ओशाळला. "आवाजाचा त्रास होतोय का? कमी करतो हं."

"आवाजाचं काही नाही हो. ते ठोकणं गाण्याच्या मागे पडतंय. सकाळपासून ऐकतेय. चपलेत खडा घेऊन चालल्यासारखं होतंय मला."

धाकट्याने मान वर न करताच सांगितले, "बरोबर आहे ते. मोजलंय मी."

"कशानं मोजलंय?"

"कॉम्प्युटरनं."

"मग कॉम्प्युटरलाच खेळायला द्या की!" असे म्हणून त्या वळल्या. थोरला त्यांच्यामागे अर्धा जिना धावत गेला आणि त्यांना परत घेऊन आला.

धाकट्याचे मोजमाप चुकीचे नव्हते. परंतु बटणाला खाली जायला काही क्षण लागतो, इवल्याशा ध्वनिक्षेपकातून सूर कानी यायला काही क्षण लागतो, आणि या क्षणांची बेरीज माणसाला कशी भासते हे माणसालाच विचारावे लागते. ताईंनी यंत्र हातात घेतले, डोळे मिटले, शिक्क्यांचा खेळ खेळला आणि म्हणाल्या, "उशीर." धाकट्याने वेळेचा आकडा थोडा सरकवला. "अजून उशीर." त्याने पुन्हा सरकवला. "आता घाई झाली." असे करता करता एका क्षणी त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली आणि त्या म्हणाल्या, "बसलं."

त्या दिवसापासून ही त्या घराची रीतच झाली. खेळ पुरा झाला की खिडकीजवळची वेताची खुर्ची ताईंसाठी मोकळी करायची, पंखा बंद करायचा, दाराला कडी लावायची. आकडा कोणत्या बाजूला सरकवला हे ताईंना सांगायचे नाही. उजव्या हाताचा अंगठा बटणावर ठेवून त्या खेळत आणि तीनच शब्द बोलत: घाई, उशीर, बसलं. 'बसलं' हा शब्द येईपर्यंत खेळ त्या खोलीतून बाहेर पडत नसे. लवकरच त्यांनी चष्म्याच्या काचा सोडल्या आणि त्या वरच्या खोलीच्याच झाल्या.

अचूक दाबणाऱ्याला शाबासकी कशी द्यावी, यावर दोघा भावांत बरेच दिवस खल चालला होता. थोरल्याला तुतारी हवी होती. धाकट्याला काहीच नको होते. ताई म्हणाल्या, "टाळी द्या. एकच. आमचे बाबा तेवढीच द्यायचे."

"आणि चुकलं तर? एखादा भोंगा लावू या?" थोरल्याचे डोळे चमकले.

"चुकल्यावर कशाला भोंगा? ज्याला ताल कळतो त्याला गप्प बसलेलं कळतं."

मग जिन्याच्या मधल्या वळणावर, जिथे लाकडाचा नाद गोड येई, तिथे उभे राहून ताईंनी एक टाळी वाजवली आणि धाकट्याने ती टिपून घेतली. स्वच्छ, कोरडी, एकसंध टाळी. अचूक बटण दाबणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकू येऊ लागली. चुकणाऱ्याला नुसती शांतता. खेळ खपू लागला, पोरे गल्लीगल्लीत अंगठे आपटू लागली, आणि ताईंचे मूळ नाव मागे पडून त्यांच्या वाट्याला हे नवे नाव आले. त्यांना ते आवडले असावे. कोणी हाक मारली की "हं, टाळी बोलतेय," असे त्या उत्तर देत.

पहिल्या संचामागून दुसरा आला, काही वर्षांनी तिसरा. तिसऱ्याच्या वेळी ताई खुर्चीत नेहमीपेक्षा अधिक वेळ बसल्या. "घाई," त्या म्हणत. धाकटा आकडा सरकवी. "अजून घाई." तो पुन्हा सरकवी. थोरला चेष्टेने म्हणाला, "ताई, तुमचं यंत्राशी भांडण झालंय का?"

"यंत्रच घाईवर आलंय. तुझ्यासारखं. जेवायच्या आधी हात धुवायला पळणारं."

"म्हणजे जेवायच्या आधी हात धुवायचे नाहीत?"

"धुवायचे. पळायचं नाही."

हसण्यावारी वेळ गेली, शेवटी 'बसलं' हा शब्द आला, आणि तिसरा संच बाजारात गेला. पुढे एका खेळण्यांच्या दुकानदाराने थोरल्याला सहज सांगितले, की नव्या संचात मुलांचे बटण सुरुवातीला जरा आधीच पडते. नंतर सवय होते. थोरल्याने ते हसून ताईंना सांगितले. ताई म्हणाल्या, "पडणारच. हल्ली थांबायला कोणाला येतंय!" आणि दोघांचेही समाधान झाले. येथे कोणाचा दोष काढावा? त्या खोलीत जगातल्या सर्व गोष्टींवर संशय घेण्याची मुभा होती. गाण्यावर, बटणावर, सेलवर, दुकानदारावर आणि मुलांच्या उतावळेपणावरही. फक्त ज्या अंगठ्यावर सारे बेतले होते, त्याच्यावर संशय घेण्याची कोणाला बुद्धी झाली नाही. अंगठा मागे पडत होता आणि त्याच्यामागोमाग खेळही मागे सरकत होता. दोघे बरोबर चालत असल्यामुळे कोणी मागे पडले आहे, हे दिसण्याला जागाच उरली नव्हती.

चौथ्या संचाच्या वेळी नवे ध्वनिमुद्रणाचे यंत्र आले, म्हणून टाळी पुन्हा टिपायचे ठरले. ताई जिन्याच्या त्याच वळणावर उभ्या राहिल्या. टाळी वाजली, पण तिच्यात कोरडेपणा नव्हता. पडद्यावर धाकट्याला एका उंच रेघेऐवजी शेजारी शेजारी दोन ठेंगण्या रेघा दिसल्या, जणू दोन तळवे एकमेकांना भेटायला वेगवेगळ्या वेळी निघाले होते.

"जिन्याचं लाकूड फुगलंय बहुतेक. आवाज फाटतोय," तो म्हणाला.

"मग जुनीच राहू दे," ताई म्हणाल्या, आणि पदराखाली त्यांनी उजवा हात डाव्या हाताने थोडा चोळला.

ताईंच्या घरी त्यांची भाची राहत असे. धाकट्या बहिणीची मुलगी. आईमागे मावशीनेच वाढवलेली. ती एका शाळेत भूगोल शिकवी, आणि तालाचा व तिचा छत्तीसचा आकडा होता. लहानपणी तिला टाळी धरायला बसवले की मावशी शेवटी कपाळाला हात लावी आणि म्हणे, "तू आपली नद्या पाठ कर गं." त्यावरून त्यांच्यात हयातभर थट्टा चाले.

खुर्चीवर बसून ताईंनी चौथ्या संचालाही 'बसलं' म्हटले होते. सोमवारी तो यंत्रांत भरण्यासाठी कारखान्यात जायचा होता. त्याच्या आदल्या सुट्टीच्या दुपारी भाची कपाट आवरायला बसली आणि मागच्या कोपऱ्यातून तिने पहिल्या संचाचे एक यंत्र बाहेर काढले. बटण पिवळे पडले होते. तिने नवे सेल घातले, पडदा उजळला, कारकून शिक्का घेऊन उभा राहिला.

"मावशी, बघ, तुझा म्हातारा अजून नोकरीत आहे!"

ताईंनी हसत यंत्र हाती घेतले, सवयीने डोळे मिटले आणि खेळू लागल्या. गाणे वाजत होते. पाकिटे सरकत होती. टाळी येईना. एक पाकीट गेले, दुसरे गेले, तिसरे गेले, शांतता. त्यांनी डोळे उघडले.

"बटण घट्ट झालंय. पडून पडून."

"आण इकडे, मी बघते." भाचीने यंत्र घेतले आणि जीभ दातांत धरून, मुळीच न जमणाऱ्या माणसाच्या अवसानाने खेळू लागली. आणि टाळी वाजली. मध्ये एक चुकले, मग पुन्हा टाळी वाजली. स्वच्छ, कोरडी, एकसंध. तरुणपणच्या ताई आपल्या ढ भाचीला शाबासकी देत होत्या.

"अगं बाई, मला येतंय!" भाची ओरडली. "मावशी, ऐकलंस का? मला येतंय!"

"ऐकलं," ताई म्हणाल्या. "आता तिसरा संच घे. तोच खेळ लाव."

तिसऱ्या संचातही तो कारकून होता. भाची तशीच खेळली. शांतता. पुन्हा खेळली. शांतता. "हे बघ, गेलं माझं. मी लवकर दाबतेय वाटतं." ती हिरमुसली.

"तू बरोबर दाबतेयस," ताई म्हणाल्या.

भाचीने मला सांगितले, की हे वाक्य मावशी अगदी सपाट आवाजात बोलली. ताईंनी पहिला संच परत मागून घेतला. यंत्र उजव्या हातातून डाव्या हातात घेतले. डाव्या अंगठ्याने त्या आयुष्यात कधी खेळल्या नव्हत्या. डोळे मिटले. टाळी वाजली, पुन्हा वाजली, आणि वाजत राहिली. मग यंत्र उजव्या हातात आले आणि टाळ्या थांबल्या. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. एकाच देहाच्या एका हाताने दुसऱ्याविरुद्ध साक्ष दिली, आणि ती साक्ष खोडण्यासारखी नव्हती. मग गेल्या काही महिन्यांतल्या साऱ्या गोष्टी एकामागून एक त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. पोलक्याची न लागणारी बटणे. बशीत हिंदकळणारा चहा. जिन्यावरची ती दुभंगलेली टाळी.

"मावशी, काय झालं?"

"चहा टाक. थोडा गोड कर."

त्या संध्याकाळी ताईंच्या मनात काय चालले असेल? एक वाट अगदी सरळ होती. डावा हात अजून खरा होता. उद्या काहीतरी निमित्त काढून, डाव्या अंगठ्याने चौथा संच पुन्हा बसवता आला असता. खेळ अचूक झाला असता, खुर्ची राहिली असती, आणि भावांना कधीच काही कळले नसते. एका रात्रीत त्यांचे जे काही होते ते सारे नाहीसे होणार होते. आणि ते न होऊ देण्याचा मार्ग त्यांच्याच डाव्या हातात होता. भाचीने हे सुचवलेही. "कोणाला कळणार आहे गं? एवढ्यात कशाला सांगतेस? आधी डॉक्टरांकडे तर जाऊ."

"आज डावा खरा आहे, हे मला जुन्या यंत्रामुळे कळलं," ताई म्हणाल्या. "तो कधी मागे पडेल हे मला आतून कळणार नाही. उजव्याचं तरी कुठे कळलं? मला तेव्हाही बसल्यासारखंच वाटत होतं गं. शपथ सांगते, अगदी बसल्यासारखं."

सकाळी त्या जिना चढून गेल्या तेव्हा थोरला खोके बांधत होता. ताई खुर्चीत बसल्या नाहीत; खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"चौथा पाठवू नका. चुकलाय. तिसराही चुकलाय."

थोरला हसला. "सकाळी सकाळी काय हो ताई! तुम्हीच तर बसवलाय."

"म्हणूनच सांगतेय. माझं बोट मागे पडतंय. यंत्र घाईवर नव्हतं रे, मी उशिरावर होते."

थोरल्याने हातातली दोरी खाली ठेवली. मग थोरला घाईघाईने म्हणाला, "असेना का! तिसरा लोकांना आवडलाच ना? सवय होते म्हणे. तुमचा शब्द म्हणजे शब्द. तुम्ही बसलं म्हणालात, म्हणजे बसलं."

"हेच तर चुकलं आपलं," ताई म्हणाल्या.

धाकटा केव्हाच कॉम्प्युटरकडे वळला होता. त्याने सगळ्या संचांचे आकडे एकाखाली एक लावले. पहिल्या आणि दुसऱ्या संचात ते एका रेषेत उभे होते. तिसऱ्यापासून ती रेषा कलू लागली होती. खेळागणिक, सावकाश, एकाच दिशेने. त्याने त्या कलत्या रेषेवर बोट ठेवले. फार कमी बोलणारा तो माणूस आपण होऊन बोलला.

"मला दिसायला हवं होतं, ताई. समोर होतं."

"तुला आकडा दिसत होता. आकडा माझा होता. माझ्यावर कोण शंका घेणार?" त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो उजवा हात होता, आणि धाकट्याला प्रथमच त्यातला बारीक कंप जाणवला. "आता रडत बसू नकोस. पंखा बंद कर. डाव्यानं बसवून देते. आणि तुम्ही दोघेही खेळा, माझी भाची येतेय शाळा सुटल्यावर, तिलाही बसवा, खालच्या चष्मेवाल्यांनाही बोलवा. माझा डावा आणि तुम्ही सगळे जिथे एक व्हाल, तिथे ठेवा. यापुढे एका माणसाच्या बोटावर काही ठेवू नका."

त्या दिवशी खोलीला कडी लागली नाही. संध्याकाळपर्यंत एकेक खेळ पुन्हा बसवण्यात आला. शेवटच्या खेळावर ताई 'बसलं' म्हणाल्या आणि बाकीच्यांकडे पाहत राहिल्या; एकेकाने मान डोलावल्यावरच त्यांनी यंत्र खाली ठेवले. मग वेताची ती खुर्ची त्यांनी स्वतः उचलून भिंतीला लावली. थोरला "अहो राहू द्या, राहू द्या," म्हणत होता, पण त्याचे शब्दही आता मागे पडत होते.

डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले. हा रोग सावकाश चालणारा आहे, असे त्यांनी समजुतीने सांगितले. ताई म्हणाल्या, "हो, त्याची लय मला ठाऊक झालीय."

त्यानंतरची वर्षे मी विस्ताराने सांगणार नाही. उजव्यामागून डावा हात गेला. पावले आखूड झाली, उंबऱ्याशी येऊन अडखळू लागली. तेव्हा भाची पाठीमागे उभी राहून मात्रा मोजी आणि त्या मोजण्यावर पाऊल कसेबसे पलीकडे पडे. ज्या पोरीला कधी मात्रा धरता आली नाही, तिच्या मात्रेवर आता मावशी चालत होती. "चुकतेयस गं," असे त्या अडखळतानाही म्हणत. चेहऱ्यावरचे भाव थिजत गेले, आवाज खोल गेला.

धाकटा भाऊ दर आठवड्याला येई आणि गप्प बसून जाई. एकदा त्याने खिशातून एक यंत्र काढले. ते त्याने केवळ ताईंसाठी केले होते. त्यात बटण केव्हाही दाबले, कितीही उशिरा दाबले, तरी टाळी वाजत असे. त्याने ते त्यांच्या मांडीवर ठेवले, थरथरता अंगठा बटणावर नेऊन ठेवला. गाणे सुरू झाले. ताईंचा अंगठा भलत्याच जागी पडला, टाळी. पुन्हा भलत्याच जागी, टाळी. पाणघोडा दोरीत पाय अडकूनही पलीकडे जात होता, आणि टाळ्यांचा नुसता पाऊस पडत होता. भाचीचे डोळे भरून आले. गाणे संपल्यावर ताईंनी यंत्र त्याच्याकडे सरकवले.

"हे माझी समजूत काढतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझीच टाळी माझ्याशी खोटं बोलतेय रे. नको."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"ठाऊक आहे." त्यांनी नजर कपाटाकडे वळवली. "चुकल्यावर गप्प बसणारं आण. ते माझं आहे."

त्याने ते यंत्र परत नेले. पिवळ्या बटणाचे जुने यंत्र कपाटातून निघाले, आणि त्यानंतर ते भाचीच्या हाती राहिले. रोज दुपारी ती पलंगाशेजारी बसून खेळे आणि ताई पडल्या पडल्या ऐकत. हात गेले, पाय गेले, पण कान गेले नव्हते. भाचीचे बटण चुकले की यंत्र टाळी देईना, आणि टाळी का आली नाही हे ताई सांगत. "घाई." "उशीर." पुढे शब्दही उमटेनासे झाले, तेव्हा पापणीने सांगत. पापणी मिटली की बसलं. भाची रोज एकदा तरी ती मिटलेली पापणी मिळवल्याशिवाय उठत नसे. अशा रीतीने, ज्या वयात माणसे शिकणे सोडून देतात त्या वयात, तिला ताल आला.

एका दुपारी शिंकेचा खेळ चालू होता. लठ्ठ गृहस्थांची शिंक भरून आली, पत्नीने रुमाल पुढे केला, टाळी वाजली. भाचीने मावशीकडे पाहिले. पापणी मिटलेली होती. तिने पुढची शिंक झेलली, तिच्यापुढचीही झेलली, आणि पुन्हा पाहिले. पापणी मिटलेलीच होती. गाणे संपेपर्यंत ती खेळत राहिली. मध्ये थांबणे तिला बरे वाटले नाही.

पुढे दोघा भावांनी तो उद्योग बंद केला. वरच्या खोल्यांत आता चष्मेवाल्यांचा माल असतो. भाची शाळेत भूगोल शिकवते आणि दुपारच्या सुट्टीत मुलांना टाळी धरायला शिकवते. तिची टाळी मावशीइतकी कोरडी नाही. त्या खेळाची यंत्रे कोठे कोठे लोकांच्या कपाटांत पडून आहेत. सेल घातले तर चालतात. पहिला, दुसरा आणि चौथा संच अचूक आहेत. तिसऱ्या संचात बटण किंचित उशिरा दाबावे लागते, म्हणजे ताईंची टाळी ऐकू येते.